पाच नंबरचा शनिवार

परवा फोनवर तुम्ही दोघांनी विचारलंत, आजी, त्या घरांच्या नंबरांचं पुढे काय झालं? मी "छान झालं" एवढंच म्हणाले आणि तेवढ्यात तुमच्या आईने तुम्हाला जेवायला हाक मारली. पण छान झालं म्हणून ही गोष्ट मिटवणं बरोबर नाही, कारण तिच्यातली चूक तुमच्यापैकी एकाची आहे आणि दुरुस्ती दुसरीची. म्हणून सगळं पहिल्यापासून, नीट, मराठीत लिहिते आहे. कुठे अडलं तर बाबांना विचारा. ते अडले तर मला फोन करा.

तुम्हाला ठाऊकच आहे की मी इथलीच, कोलकात्यात जन्मलेली. रस्त्यावर बंगाली, शाळेत इंग्रजी आणि उंबऱ्याच्या आत मराठी, असं आमचं बालपण. शाळेत नन्स भागाकार शिकवायच्या इंग्रजीत, आणि घरी माझे वडील जेवणाआधी पाढे म्हणून घ्यायचे मराठीत. त्यामुळे आजही मी गुणाकार मराठीत करते आणि भागाकार इंग्रजीत, आणि मधल्या मध्ये कधी हातचा विसरत नाही.

तर आमचा मराठी शनिवार. महिन्याच्या पहिल्या शनिवारी सहा घरांपैकी एका घरी जमायचं, चहा-खाणं करायचं, आणि तेवढे दोन-तीन तास फक्त मराठी बोलायचं. इथे वाढणारी मुलं मराठी समजतात, पण उत्तर देतात हिंदीत नाहीतर बंगालीत, म्हणून हा खटाटोप. त्याला आम्ही एक गंमत जोडली आहे. भोंडल्याला कशी झाकलेल्या डब्यातली खिरापत ओळखायची असते, तशी आम्ही वर्षभर ओळखतो. ज्याचं घर, त्याच घरातल्या कुणीतरी डबा धरायचा. बाकीच्यांनी विचारायचं, गोड की तिखट, तळलेलं की भाजलेलं, आणि डबा धरणाऱ्याने उत्तरं द्यायची, तीही मराठीतच. घरात मूल असेल तर डबा मुलाचा. हा मान मोठा असतो. सॉल्ट लेकमधली जुळी भावंडं एकदा डब्यावरून अशी भांडली की शेवटी झाकण एकाकडे आणि डबा दुसऱ्याकडे द्यावा लागला.

घरांना नंबर मीच दिले. (कोण हसलं ते मला इथून कळतं आहे.) एक आणि दोन बालीगंजला. एक नंबर म्हणजे आमच्या मागच्या गल्लीतल्या बाई, कॉलेजात इतिहास शिकवत होत्या, आणि दोन नंबर मी. तीन आणि चार सॉल्ट लेकला. तीन नंबरची मंडळी केंद्र सरकारच्या नोकरीत, बदलीवर आलेली. चार नंबर म्हणजे जुळ्यांचे आईबाप, दोघंही इथेच वाढलेले, सेक्टर फाइव्हच्या आयटी कंपन्यांत कामाला. पाच आणि सहा नदीपलीकडे, हावड्याला. सहा नंबरच्या काकांचा तिथे लेथचा लहानसा कारखाना आहे. त्यांच्या आजोबांपासून ते कुटुंब इथलं, त्यामुळे त्यांचं मराठी रसगुल्ल्यासारखं गोल झालं आहे. पाच नंबरला आधी एक जोडपं होतं, ते निवृत्त होऊन नागपूरला गेलं आणि जागा रिकामी झाली.

ती भरली कशी, तेही सांगते. गेल्या दिवाळीच्या आधी सहा नंबरचे काका हावड्याच्या बाजारात फुलकोबी निवडत होते. मागून अस्सल साताऱ्याच्या मराठीत कुणीतरी मुलीला रागावलं. काकांनी कोबी तसाच टाकला आणि वळून आपली ओळख करून दिली. ती बाई बदलीवर आलेल्या एका बँक अधिकाऱ्याची बायको निघाली. दोन वर्षं ते लोक काकांपासून तीन गल्ल्यांवर राहत होते आणि कुणाला पत्ता नव्हता. अशा रीतीने आम्हाला नवे पाच नंबर मिळाले, आई, वडील आणि नऊ वर्षांची मुलगी. ही मुलगी पहिल्या दिवशी मला "दीदा" म्हणाली, आईने डोळे वटारल्यावर "आजी" म्हणाली, आणि त्यानंतर बराच काळ काहीच म्हणाली नाही. बंगालीत मात्र ती माझ्या कामवालीशी घरी जाईपर्यंत बोलत होती.

आता अडचण. तोपर्यंत आम्ही सरळ नंबराने जात होतो. म्हणजे दोन महिने बालीगंज, दोन महिने सॉल्ट लेक, दोन महिने हावडा. एक नंबरच्या बाईंचं म्हणणं, लागोपाठ दोनदा पूल ओलांडायचा म्हणजे गुडघे बोलतात. काकांचं म्हणणं, तुम्ही दोन महिने आमच्याकडे येता आणि मग चार महिने नदीपलीकडे कुणी राहतं हेच विसरता. चिठ्ठ्या टाकून पाहिल्या, तर चार नंबर तीनदा निघाला. मला असा नियम हवा होता की भाग आलटून पालटून येतील, प्रत्येक घर एकदा येईल, आणि कुणाला वाद घालता येणार नाही.

हे मी तुम्हाला सांगितलं एका रविवारी सकाळी, म्हणजे तुमच्या शनिवारी रात्री जेवणानंतर. आणि थोरल्या, तू मान वर न करता म्हणालास, "सोपं आहे, आजी. डबल कर आणि सात काढून टाक."

तू नंतर नीट समजावलंस, हे कबूल करते. ज्या घरी जमलो त्याचा नंबर दुप्पट करायचा. सहाच्या वर गेला तर सात वजा करायचे. उरेल ते पुढचं घर. सातच का, तर घरं सहा, आणि सातने भागल्यावर बाकी उरते ती एक ते सहामधलीच. शून्य उरणार नाही, कारण या सहांपैकी कुठलाही आकडा कितीही वेळा दुप्पट केला तरी त्याला सातने पुरता भाग जात नाही. हे मला फार आवडलं. लहानपणी आम्ही दोरीवर उड्या मारताना असंच काहीतरी म्हणायचो. दोनाची दुप्पट करत जायचं आणि फक्त शेवटचा आकडा बोलायचा: दोन, चार, आठ, सहा, दोन, चार, आठ, सहा. सातने गुणत गेलं की सात, नऊ, तीन, एक, आणि पुन्हा सात. पाच आणि सहा मात्र हट्टी, ते जागचे हलायचेच नाहीत. आमच्यातली एक मुलगी कायम सहाच घ्यायची, म्हणजे तिला मोजावं लागत नसे. वडील म्हणायचे, आकडे मोठे होत जातात, बाक्या मात्र घरी परत येतात. तेव्हा मला हे फक्त दोरीच्या उड्यांसाठी आहे असं वाटत होतं.

तर नियम ठरला. नोव्हेंबरात एक नंबरपासून सुरुवात. त्यांच्याकडे थालीपीठ होतं, डब्यात. कुणीही ओळखलं नाही, कारण बाई त्याला गोड म्हणाल्या होत्या आणि मग त्यावरून खूप वाद झाला. उठताना मी जाहीर केलं, एक दुणे दोन, पुढच्या महिन्यात माझ्याकडे. काका म्हणाले, "म्हणजे पुन्हा बालीगंजलाच? पालट कुठे झाला?" मी म्हटलं, नियमाला थोडा वेळ द्या. डिसेंबरात माझ्याकडे झालं. दोन दुणे चार, जानेवारीत सॉल्ट लेक. काका जरा खूश झाले. तीन नंबरच्या वहिनी म्हणाल्या, हं, आता येतोय नियम वळणावर.

या सगळ्यात पाच नंबरची मुलगी दर वेळी आईच्या कानात एकच गोष्ट विचारायची. आईने ती मला डिसेंबरात सांगितली. आपल्याकडे कधी? तिला डबा धरायचा होता. घरी तालीमही चालली होती म्हणे. वडिलांनी बँकेतून आल्यावर सोफ्यावर बसून विचारायचं, गोड की तिखट, आणि तिने रिकामा डबा छातीशी धरून उत्तरं द्यायची. "तळलेलं" म्हणताना तिची जीभ अडखळायची, म्हणून ते रोज घोटायचं. चारचौघांत ती मराठी बोलत नव्हती ते येत नाही म्हणून नव्हे, चुकेल म्हणून. आपल्या घरात, आपला डबा हातात असला तर चुकणार नाही, असं तिने ठरवून टाकलं होतं.

जानेवारीचा शनिवार चार नंबरकडे झाला. जुळ्यांनी डब्यात खजुराच्या गुळाचे लाडू लपवले होते आणि वासाने दारातच सगळं फुटलं. निघायची वेळ झाली, सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी सवयीने म्हटलं, "चार दुणे आठ, आठातून सात गेले, उरला एक."

एक नंबरच्या बाई शाल गुंडाळता गुंडाळता थांबल्या. "माझ्याकडे? अहो, मी आत्ताच तर सुटले."

काका म्हणाले, थालिपिठाची जादू आहे ही, दुसरं काय. सगळे हसले. मीही हसले, पण मला आत कुठेतरी खटकलं होतं. ते काय, हे मला कळायच्या आत सतरंजीवर बसलेल्या त्या मुलीला कळलं. ती बोटांवर मोजत होती.

"एकचे दोन. दोनचे चार. चारचा परत एक." मग तिने आईकडे पाहिलं. "मग आपलं घर येणारच नाही?"

चारचौघांतलं तिचं ते पहिलं मराठी वाक्य. व्याकरणाला कुठेही बोट ठेवायला जागा नव्हती, आणि गणितालाही.

तीन नंबरच्या वहिनींनी माझ्याकडे पाहिलं, आणि तेव्हा मला दिसलं की जी तीन घरं येत होती ती सगळी इथल्या जुन्या लोकांची, आणि न येणाऱ्या तिघांत बदलीवर आलेली दोन्ही. मुद्दाम केलं असतं तरी इतकं चोख जमलं नसतं. मुलीची आई मात्र हसून म्हणाली, "चालायचंच हो. आम्ही आज आहोत, उद्या नाही." आणि मग दारात चपला घालताना हळूच सांगितलं की बदलीची ऑर्डर आली आहे. भुवनेश्वर. मार्चात मुलीची परीक्षा, ती संपली की सामान. म्हणजे परीक्षेच्या आधीचा फेब्रुवारीचा शनिवार, तेवढाच काय तो हाती होता.

दुसऱ्या दिवशी सकाळीच मी मुलीच्या आईला फोन केला. म्हटलं, पुढचा शनिवार तुमच्याकडेच करू या, नियम गेला खड्ड्यात. तुम्ही मला ओळखता; नियम खड्ड्यात, हे माझ्या तोंडून आजवर किती वेळा निघालं असेल. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "नको, काकू. नियम मोडून आलात तर तो निरोप समारंभ होईल. तो आम्हाला प्रत्येक गावात मिळतो, शाल आणि नारळ. नंबर लागला म्हणून येणार असाल तर या."

बरोबर होतं तिचं. चौथ्या गावातून पाचव्या गावी निघालेलं कुटुंब, सगळीकडे पाहुणं. पहिल्यांदा एका ठिकाणी त्यांना नंबर मिळाला होता, आणि तो नंबर आम्ही असा दिला होता की तो कधी लागूच नये. तिला कुणाची मेहेरबानी नको होती. तिला पाळी हवी होती, जशी बाकीच्या पाचांना असते.

म्हणून त्या रविवारी मी तुम्हाला फोन लावला, आणि माझा आवाज ऐकूनच थोरल्या, तू हेडफोन काढलेस. तू म्हणालास की पहिले तीन आकडे तपासले होते, मग हॉकीला उशीर होत होता. हे वाचून तोंड पाडू नकोस. पहिले तीन आकडे तपासून मीही तीन महिने खूश होतेच की. पण खरी कमाल धाकटीची. धाकटे, तू कागद घेतलास, एक गोल काढलास, त्यावर सहा ठिपके. दोनाच्या नियमाने रेघा ओढल्यास आणि कागद कॅमेऱ्यासमोर धरलास. दोन त्रिकोण. एक-दोन-चार हा निळा, तीन-सहा-पाच हा लाल. एकमेकांना छेदून जाणारे, पण एकाचं टोक दुसऱ्याच्या टोकाला कुठे लागत नाही. आम्ही निळ्या त्रिकोणात फिरत होतो आणि जन्मभर फिरत राहिलो असतो.

मग तू एकेक आकडा घेऊन बघत गेलीस. एकाने गुणलं तर कायम त्याच घरी चहा. सहाने गुणलं तर दोन घरांत ये-जा. चाराने गुणलं तर पुन्हा तेच त्रिकोण, फक्त उलटे. आणि तीनाने गुणलं तेव्हा तुझी रेघ सगळ्या ठिपक्यांना भेटून परत आली. एक, तीन, दोन, सहा, चार, पाच, आणि पुन्हा एक. मी भाग लावून बघितले: बालीगंज, सॉल्ट लेक, बालीगंज, हावडा, सॉल्ट लेक, हावडा. लागोपाठ एकाच भागात कधीच नाही. मला हवं होतं ते नेमकं हेच, आणि ते एका जांभळ्या स्केचपेनने निघालं.

पुढचं तुम्हाला आठवत असेल, तरी लिहून ठेवते. धाकटी म्हणाली की पाचाने गुणलं तरी सगळी घरं येतात. एक, पाच, चार, सहा, दोन, तीन. तीही साखळी पुरी, तिच्यातही भाग आलटून पालटून. म्हणजे चांगले नियम दोन निघाले. आम्ही उभे होतो चारावर. तीनाचा नियम घेतला तर चार त्रिक बारा, सात गेले, पाच. पुढचंच घर त्या मुलीचं. पाचाचा घेतला तर चारानंतर सहा, मग दोन, तीन, एक, आणि पाच सगळ्यांत शेवटी, उन्हाळा उलटल्यावर. तोवर ते लोक भुवनेश्वरात.

थोरला म्हणाला नाणं उडव. मी म्हटलं, तीन.

"आजी, हे चीटिंग आहे."

मी म्हटलं, नाही. दोन्ही नियम सगळ्यांना सारखे आहेत. त्यांतला कुठला घ्यायचा हे गणिताने माझ्यावर सोडलं आहे. तू "हं" म्हणालास. ते "हं" मला पुढे बरेच दिवस ऐकू येत होतं.

नवा नियम मी ग्रुपवर टाकला, धाकटीच्या चित्रासकट. तीन नंबरच्या वहिनींनी लगेच लिहिलं की चूक झालीच आहे तर पुन्हा एकपासून सुरू करा, म्हणजे आमचा नंबर दुसरा येईल. त्यांचं म्हणणं चूक नव्हतं, त्यांचंही घर राहिलेलं होतं. पण मी कळवलं की साखळी जिथे आहे तिथूनच पुढे जाईल. कुणाची गैरसोय झाली की पहिल्यापासून धरायची, असं केलं तर दर महिन्याला नवी सुरुवात होईल. काकांनी लिहिलं की माझंही राहिलं आहे, पण स्वयंपाकघरातली फरशी उखडली आहे, तेव्हा मला जूनच बरा. वहिनींनी अंगठा टाकला. नुसता अंगठा, हसरा चेहरा नाही. एप्रिलमध्ये त्यांच्याकडे इतकं सुरेख श्रीखंड झालं की तो अंगठा मी विसरून गेले.

पाच नंबरकडून दिवसभर काही आलं नाही. संध्याकाळी आलं: "सातला सगळे या. डब्याबद्दल काही विचारू नये."

सातला म्हणजे सात फेब्रुवारीला. आम्ही बालीगंजच्या दोघी बाबूघाटला जाऊन फेरीबोटीने गेलो. एक नंबरच्या बाईंना पूल नको होता आणि मेट्रोचे जिने नको होते. थंडी सरत आली होती, पाण्यावर ऊन होतं, आणि बाई सगळा वेळ मला सांगत होत्या की खिरापतीत काय असणार. माघ महिना, म्हणजे तिळाचं काहीतरी. संक्रांतीचे उरलेले तीळ कुणाकडे नसतात?

बँकेचं घर तिसऱ्या मजल्यावर. खोकी आधीच कोपऱ्यात रचून ठेवली होती, पण त्यांच्यावर साडी पसरून वर फुलदाणी ठेवली होती. मुलगी दारातच उभी होती, परकर-पोलक्यात, दोन्ही हातांत डबा. झाकण अंगठ्यांनी दाबून धरलेलं. "या," म्हणाली. "बसा. चपला इकडे."

तिने अर्धा तास आम्हाला नाचवलं. गोड की तिखट? गोड. भाजलेलं? नाही. तळलेलं? "तळलेलं," ती म्हणाली, स्वच्छ, आणि वडील भिंतीला टेकून उगाच छताकडे बघायला लागले. तीळ आहेत? नाहीत. एक नंबरच्या बाईंचा चेहरा पडला. शंकरपाळे? नाही, पण जवळ आलात. काका म्हणाले खसखस आहे का, मला पोस्तोचा वास येतो. ती म्हणाली, "वास घेऊन ओळखायचं नाही, काका. पोस्तो म्हणायचं नाही, खसखस म्हणायचं. आहे." काकांनी कान धरले. शेवटी सगळ्यांनी हात टेकले आणि तिने झाकण उघडलं. कापण्या. खजुराच्या गुळाच्या, वर खसखस लावून तळलेल्या.

"अगं, कापण्या आषाढातल्या!" तीन नंबरच्या वहिनी म्हणाल्या. "माघात कोण तळतं?"

"म्हणूनच," मुलगी म्हणाली.

मग खाणं, गप्पा, आणि एकेका कापणीवर चर्चा. मी बाल्कनीजवळच्या खुर्चीत बशी घेऊन बसले होते. ती आली आणि माझ्या खुर्चीच्या दांडीला टेकून उभी राहिली. सहज, कानाशी, म्हणाली, "आजी, पाचने गुणलं तरी सगळी घरं येतात. पाचची साखळी म्हणजे तीनचीच, उलटी वाचलेली. मी करून पाहिलं."

मी हातातली कापणी बशीत ठेवली. थोरल्या, त्या वेळी मला तुझं "हं" आठवलं. आणि वर पाहते तर तिची आई चहाचा ट्रे घेऊन तिथेच. तिने ऐकलं होतं. मी काहीतरी सांगायला लागले, की दोन्ही नियम तसे सारखेच, आणि मला आपलं वाटलं, असं काहीतरी, जे मी शाळेत शिकवत असताना कुणाच्या निबंधात खपवून घेतलं नसतं.

तिने ट्रे खाली ठेवला. "तिला मीच दाखवलं, काकू. मेसेज आला त्याच दिवशी. आधी वाटलं, आमची कीव केली. मग मांडून पाहिलं, तर दोन्हीकडे आमचा नंबर आहेच. तुम्ही तो दिला नाहीत. फक्त आधी आणलात." तिने माझ्या बशीत अजून दोन कापण्या वाढल्या. "दिवसभर उत्तर दिलं नाही ते त्याच्यामुळे. गणित तपासत होते."

मी चहा घेतला. साखर जास्त होती, पण बोलले नाही.

निघताना नेहमीसारखे सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी मुलीकडे बोट केलं. ती खोक्यांसमोर उभी राहिली आणि शाळेत कविता म्हणतात तशा आवाजात म्हणाली, "पाच त्रिक पंधरा, पंधरातून चौदा गेले, उरला एक." एक नंबरच्या बाई म्हणाल्या, बरं, आता माझी हरकत नाही. परतताना बोटीत त्या म्हणाल्या की खसखस त्यांनी मनात ओळखली होती.

ते लोक मार्चअखेर गेले. त्या घरात आता एक तमिळ कुटुंब आलं आहे. ग्रुपवर कुणीतरी विचारलं की आता घरं पाच राहिली, तर नंबर बदलायचे का. मी हा प्रश्न धाकटीकडे पाठवला आणि तिचं उत्तर जसंच्या तसं ग्रुपवर टाकलं: पाच घरं म्हणजे सहाने भागायचं, आणि सहाने भागलं की काहीच धड होत नाही. दोन, तीन किंवा चाराने गुणलं तर कुठेतरी शून्य उरतो; पाचाने गुणलं तर दोन आणि चार एकमेकांकडेच जात राहतात, तीन आपल्याच घरी बसतो, पाच एकाकडे जाऊन परत येतो. कितीही प्रयत्न केला तरी सगळी घरं एका साखळीत येत नाहीत. म्हणून गणिताच्या सोयीसाठी पाच नंबर त्यांचाच राहील, असं मी जाहीर केलं. गणितापुढे कुणी काही बोललं नाही.

गेल्या आठवड्यात भुवनेश्वरहून फोन आला. तिथे त्यांना तीन मराठी घरं सापडली आहेत, स्वतःचं धरून चार. मुलीने नंबर दिले, स्वतःला एक. चार घरं म्हणजे पाचने भागायचं, आणि पाचला दोनाचा नियम चालतो, असं तिने मला समजावून सांगितलं. एक, दोन, चार, तीन, पुन्हा एक. थोरल्या, ऐकलंस? तुझा दोन तिथे व्यवस्थित चालला आहे, फक्त गाव चुकलं होतं.

आणि आमच्या साखळीत पाच नंबर पुन्हा येतो तो ऑगस्टच्या पहिल्या शनिवारी. भुवनेश्वरहून सकाळी निघालं की दुपारी हावड्याला पोचता येतं, आणि काका आपलं नव्या फरशीचं स्वयंपाकघर द्यायला तयार आहेत. यंदा अधिक महिना असल्यामुळे त्या दिवशी अजून आषाढच असेल, हे मी पंचांगात पाहून ठेवलं आहे. मी तिला म्हटलं, म्हणजे कापण्या आता नियमात बसतील. ती म्हणाली, "मग आता कापण्या नाही करणार, आजी. सगळे ओळखतील."